एकच लाइन, एकच बटण

काकू चहा टाकायला आत गेल्यात, तोवर सांगून टाकते. नाहीतर मध्येमध्ये दुरुस्त्या सुरू होतील. माझा असा पोपट झालाय की विचारू नका.

लंडनमध्ये इल्फर्डला मी बाबांच्या चुलतभावाकडे राहते. काका-काकूंच्या घरी फोनची लाइन एका कंपनीची आणि इंटरनेट दुसरीचं. दोन बिलं, दोन वायरी. कशासाठी?

"पहिल्यापासून असंच आहे," काका म्हणाले.

हे काय कारण झालं? मी हट्टाने दोन्ही एका लाइनवर आणलं. आता फोनची वायर थेट राऊटरच्या मागे लागते. आणि राऊटर कुठे? अर्थातच वर, माझ्या खोलीत. वायफाय मला लागतं, काकांना नाही. त्यांना खाली बिनवायरचा हँडसेट दिला की झालं.

काका मात्र एकाच फोनकडे कान लावून होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आयत्या वेळी कुणी गळालं, तर हॉस्पिटल फोन करून ती तारीख काकांना देणार होतं. उचलला नाही, तर तारीख पुढच्या पेशंटला. मोबाइल ते वापरत नाहीत, आणि नजर अशी की चहा कपाच्या शेजारी ओततात.

आठवडा गेला नाही तोच काकू म्हणाल्या, "अगं, दिवसभर फोन मुका असतो."

मी हँडसेट कानाला लावला. "चालतोय की."

"आत्ता चालतोय. तू गेलीस की बंद पडतो."

"मी गेले म्हणून रुसतो का तो?"

हसले खरी, पण किडा डोक्यात शिरला. सोमवारी ऑफिसातून घरी लावून पाहिला, तर बंद. संध्याकाळी मी लॅपटॉप उघडून बसले की चालू. शनिवार-रविवार ठणठणीत. हे काय गौडबंगाल? भिंतीतली ओल? मागच्या बागेतल्या खारी वायर कुरतडत असतील? पण मग शनिवारी-रविवारी खारींना सुट्टी असते का?

आणि एकदम उजेड पडला. काका! किटली, टोस्टर, टीव्ही, दिसेल त्याचं बटण बंद करणारा माणूस.

"काका, खरं सांगा. माझ्या खोलीतलं बटण तुम्हीच बंद करता ना?"

"तुझ्या खोलीत पाय ठेवायला जागा असते का?"

"मग काकू?"

"गुडघे बघ माझे, मग बोल," काकू म्हणाल्या.

मी हेल्पलाइनला फोन लावला. मुद्दाम स्पीकरवर, काकांना समोर बसवून. पलीकडचा मुलगा म्हणाला, तुमचा राऊटर कामाच्या दिवशी सकाळी पावणेआठच्या सुमारास बंद होतो. घरात कुणी वीज बंद करतं का?

"ऐकलंत काका?"

"ऐकलं. पावणेआठला आम्ही दोघं अंथरुणात असतो. त्या वेळी घराबाहेर कोण पडतं?"

पावणेआठला बाहेर पडते ती मीच. राऊटर, फोन, लॅपटॉप आणि केस सरळ करायचं स्ट्रेटनर, सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर. घराबाहेर पडताना भिंतीवरचं बटण बंद करायचं, हे पुण्यात आईने माझ्या हातात इतकं मुरवलंय की हात डोक्याला विचारतच नाही.

दुसऱ्या दिवशी मी बटणाला हातही न लावता ताठ मानेने ऑफिसला गेले. मीटिंगला बसते तोच घरच्या नंबरावरून फोन.

"हॉस्पिटलचा फोन आला बरं का. गुरुवारी ऑपरेशन." वर्गात पहिला नंबर आल्यासारखे काका सांगत होते. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

"आणि अगं, तुझी काकू विचारतेय, वर काय शिजत ठेवून गेलीस? जळका वास येतोय."

स्ट्रेटनर. काकूंच्या सागवानी टेबलावर. ते मी कधी वेगळं बंद केलेलंच नव्हतं, रोज बटणाबरोबरच बंद व्हायचं.

"काका, वर जा. भिंतीवरचं बटण बंद करा, लगेच."

जिन्यावर पावलं वाजली. मग काका म्हणाले, "बघ हं. नंतर म्हणशील, काकांनीच बंद केलं."

"काका, बंद करा!"

"अगं, पण मग हा फो..."

आणि लाइन मेली. बटण बंद झालं, एवढं मात्र कळलं.