‘येत नाही’ लिहिणारे साळवे सर

सचिन नावाच्या एका कन्सल्टन्सीवाल्याने साळवे सरांना फसवले. सरांच्या नावावर त्याने मलाही फसवले, आणि आम्हा दोघांच्या मध्ये सुनीता नावाची एक मुलगी काहीही चूक नसताना भरडली गेली. हे आधीच सांगून टाकतो, कारण सर गेल्यापासून त्यांच्याबद्दल सगळ्यात गोड बोलणारा माणूस हाच आहे.

साळवे सर आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायचे. निवृत्तीनंतर उस्मानपुऱ्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यातले टेबल आणि एक जुना कॉम्प्युटर घेऊन ते बायोडाटा लिहून देऊ लागले. मी तेव्हा करमाडचा एक हेल्पर होतो आणि मला लेथ मशीन चालवणारा टर्नर व्हायचे होते. दुसऱ्याच्या बायोडाट्यावर नुसते नाव बदलून मी घेऊन गेलो. सरांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “‘कष्टाळू व प्रामाणिक’. हे कुणी बघितलं?”

“सगळे असंच लिहितात, सर.”

“मंग सगळ्यांनाच नोकरी लागली असंल.” त्यांनी ती ओळ खोडली. खाली ‘छंद: वाचन’ होते. “शेवटचं काय वाचलंस?” तेही खोडले. जात, उंची, वडिलांचा व्यवसाय, गॉगल लावलेला फोटो, सगळे गेले. “तो माणूस तुला कामावर ठेवणार हाय, तुझ्याशी सोयरीक नाय करणार.”

मग चौकशी सुरू झाली. चौकशीच म्हणायची, कारण सरांचा कुणावरही विश्वास नव्हता. कुठल्या मशीनवर काम केले, कुठला पार्ट काढला, मापात किती फरक चालतो, तो मोजला कशाने, तपासला कुणी. मी म्हणालो, आटे पाडता येतात. “डावे आटे?” मी म्हणालो, व्हय. त्यांनी पेन माझ्या हातात दिला. “टूल कुठून कुठं चालवशील, काढून दाखव.” मला काढता आले नाही. कागदाच्या शेवटी त्यांनी टाइप केले, ‘येत नाही: डावे आटे. शिकायची तयारी आहे.’

मी भडकलो. नोकरी मागायला निघालेला माणूस स्वतःच्या हाताने असे लिहून देतो का? मग नेहमीच्या सवयीने घासाघीस सुरू केली. “सर, ती एक ओळ काढा, वरच्या दोन काढल्या तरी चालंल.”

“भाजी घ्यायला आलास का? ती ओळ राहील तर खाली माझं नाव आन् नंबर राहील. नसंल तर नाय.”

त्यांच्या कामाची हीच रीत होती. तयार झालेला बायोडाटा ते मोठ्याने वाचायला लावायचे. वाचताना माणूस जिथे अडखळला ती ओळ जायची. कागद एकाच पानाचा, केलेले काम सगळ्यात वर, शिक्षण त्याखाली, आणि शेवटी ‘येत नाही’. मुलाखतीत सुपरवायझरने माझी ती शेवटची ओळ आधी वाचली आणि हसला. “साळवेचा माणूस दिसतोस,” म्हणाला. बाकी त्याने फारसे काही विचारले नाही. डावे आटे मी पहिल्याच महिन्यात शिकलो.

पुढे शेंद्र्याला माझे स्वतःचे वर्कशॉप झाले. मी कुणाचे बोलणे खरे धरत नाही. माल देणाऱ्याचे नाही, घेणाऱ्याचे नाही. पण बायोडाट्याखाली साळवे सरांचे नाव दिसले की मी पुढचा प्रश्न विचारत नसे.

सुनीता देवगाव रंगारीची. तपासणीच्या कामासाठी तिचा बायोडाटा सचिनच्या कन्सल्टन्सीतून आला. एक पान, काम वर, शिक्षण खाली, शेवटी सरांचे नाव; ते दिसल्यावर बाकी मी नीट वाचलेच नाही. मी तिला ठेवले आणि बुश नावाच्या पोकळ पार्टच्या आतल्या भोकांची मापे तपासायला बसवले. माझ्या सुपरवायझरने पाच मिनिटांत भोक मोजायचे बोअर गेज दाखवले आणि तो निघून गेला. पंधरा दिवसांनी माल घेणाऱ्या कंपनीने सगळा लॉट परत पाठवला. भोके मोठी होती आणि सुनीताने ती पास केली होती.

गेटवर पाळी सुटत होती. सगळ्यांच्या देखत मी तिला खोटारडी म्हणालो, आणखीही बरेच बोललो.

ती एकच वाक्य म्हणाली, “साहेब, माझ्या कागदावर लिव्हलंय ना, बोअर गेज येत नाय म्हणून. मला वाटलं तुम्ही वाचूनच शिकवायला लावलं.”

मला तो उद्धटपणा वाटला. तिला काढून टाकले आणि तिचा बायोडाटा घेऊन तसाच उस्मानपुऱ्याला गेलो. झेरॉक्सच्या दुकानात पाचसहा पोरे उभी होती. त्यांच्यासमोर मी सरांना म्हणालो, “म्हातारपणी तुम्ही पण विकायला लागलात का?”

प्रत्येक बायोडाट्याची एक प्रत सर स्वतःकडे ठेवायचे. त्यांनी फाइल काढली, सुनीताचा कागद शोधला आणि मी आणलेल्या कागदाशेजारी ठेवला. दोन्ही कागद अक्षर न् अक्षर सारखे. फक्त सरांच्या प्रतीवर एक ओळ जास्त होती: ‘येत नाही: बोअर गेज.’

“हा तुला कुणी दिला?” मी नाव सांगितले. “माझ्यावर वरडलास, ते जाऊ दे. पोरीला काय म्हणालास?” मी सांगितले. सरांनी चपला घातल्या.

सचिनने आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. त्याला जराही लाज वाटली नाही. “सर, मी एक अक्षर जादा घातलं नाय. एक ओळ फक्त काढली. ती ठेवली तर कोण घेणार पोरीला? तिचंच भलं बघितलं.”

“ती ओळ हाय म्हणून खाली माझं नाव हाय,” सर म्हणाले. “ओळ काढायची व्हती तर नाव बी काढायचं. आता लिहून दे. ओळ तू काढलीस, पोरगी खोटं बोलली नाय. जिथं जिथं तिचा कागद पाठवलास तिथं हे पत्र जाऊ दे.”

“उद्या देतो सर.”

सर दर सोमवारी त्याच्याकडे जाऊ लागले. आधी स्कूटरवर, मग दम लागायला लागल्यावर रिक्षाने. कधी साहेब मीटिंगमध्ये, कधी टाइप करायला टाकलंय, कधी पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर सुनीताला दोन ठिकाणांहून नकार आला होता. माझे गेटवरचे बोलणे तिथवर पोचले होते. दोन्हीकडे तिला विचारले, तूच का ती, खोट्या बायोडाट्यावरून काढलेली?

मी देवगाव रंगारीला गेलो. तिच्या वडिलांनी बसायला सतरंजी टाकली. मी चूक कबूल केली, कामावर परत बोलावले.

“साहेब, माफी घरात येऊन मागताय,” सुनीता म्हणाली, “आन् वरडला गेटवर.”

दुसऱ्या आठवड्यात पाळी सुटताना मी गेटवर सगळ्यांना थांबवले आणि चूक माझी होती हे सांगितले. निरोप धाडला होता, त्यामुळे ती आली होती. तिने शेवटपर्यंत उभे राहून ऐकले, मान हलवली आणि बस पकडायला निघून गेली. कामावर आली नाही. तिला दोष देत नाही.

सर हिवाळ्यात गेले. दवाखान्यात भेटलो तेव्हा बोलायला त्रास होत होता, तरी त्यांनी विचारले, “पत्र?” मी म्हणालो, “उद्या मिळणार हाय.” सरांनी माझ्याकडे असे पाहिले की मला पेन हातात दिल्यासारखे वाटले. मी म्हणालो, “नाय मिळालं सर.” मग त्यांनी डोळे मिटले.

गेल्या महिन्यात सचिनकडून माझ्याकडे पुन्हा एक बायोडाटा आला. एक पान, काम वर, ‘येत नाही’चा पत्ता नाही, आणि खाली सरांचे नाव. मेलेल्या माणसाला फोन करून कोण विचारणार, एवढा हिशोब त्याने नक्की केला असेल.

सचिन, माझी चूक मी माझ्या गेटवर उभे राहून सांगितली. सुनीताच्या कागदावरची ओळ तू काढलीस, हे तुझ्या सहीने कधी लिहून देणार आहेस? आणि साळवे सरांचे नाव कागदाखाली टाकायला तुला कुणी सांगितले? सर विचारायला येत होते तेव्हा तू त्यांना चहा पाजून परत पाठवत होतास. आता सोमवारी मी येतोय. मला चहा नको.