चौकाचा नकाशा मी काढला होता

आमच्या गावच्या चौकात एक जुना कडुलिंब होता, भोवती दगडी ओटा. गोरेगावच्या जीपची वाट पाहणाऱ्या बाया तिथंच टेकायच्या. एका कडेला कुलपं दुरुस्त करणारे चाचा पेटी उघडून बसायचे. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. चौकाच्या सुशोभीकरणाची समिती निघाली, तेव्हा नकाशा काढायला मला घेतलं. मी लगेच इस्त्रीचे कपडे घालून हिंडायला लागलो.

सल्लागार पुण्याहून आले. गाडीची काच खाली करून त्यांनी चौक पाहिला आणि म्हणाले, गावाच्या मध्यभागी लोकांना बसावंसं वाटलं पाहिजे. ओट्यावर तेव्हा वीसेक माणसं बसलेली होती. ती त्यांना दिसली नाहीत. समितीतल्या कुणालाच दिसली नाहीत. मलाही नाही, कारण मी खाली मान घालून वहीत 'बसण्याची सोय नाही' असं लिहून घेत होतो.

कडुलिंब पाडला, ओटा फोडला. स्टीलचे बाक आले, कारंजं आलं, गावाच्या नावाची रंगीत अक्षरं आली. भोवती जाळी आणि जाळीला फाटक. चाचांना बाजारामागच्या नालीकडं हुसकलं.

उद्घाटनाच्या सकाळी फाटकाच्या कुलपाची किल्लीच सापडेना. पाहुणे उन्हात ताटकळले. शेवटी चाचांनाच बोलावून आणलं. त्यांनी तार घालून कुलूप उघडलं. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "चाचा, बाजूला सरका, फोटो काढून राहिले."

चाचा सरकून माझ्याजवळ आले.

"गुरुजी, नकाशा तुमीच काढला म्हनं?"

"व्हय."

"मंग त्याच्यात मला कुठं बसवलं?"

मी फोटोसाठी रांगेत जाऊन उभा राहिलो. त्या फोटोत मी हसतो आहे.

पुढच्या बैठकीत चाचांना आत जागा द्या, असा अर्ज मी ठेवला. त्यानं चौकाची शोभा जाईल, असं सगळ्यांचं मत पडलं. मी समिती सोडली. चहाचा एक कप वाचला, यापलीकडं कुणाला काही जाणवलं नाही.

उन्हाळ्यात बाक तव्यासारखे तापले. कारंज्यात गुटख्याच्या पुड्या साचल्या. जीपवाल्यांनी थांबा रस्त्यापलीकडं पिंपळाखाली हलवला. बाया तिकडं गेल्या, मागोमाग चहावाला गेला, आणि एक दिवस चाचाही पेटी घेऊन तिथं जाऊन बसले. आता समितीला पिंपळाखालची जागा सुशोभित करायची आहे. परवा नकाशासाठी त्यांचा माणूस आला होता. मी त्याला दारातूनच वाटेला लावलं, पाणीसुद्धा विचारलं नाही.