चौथं शील

मॅडमने माझ्या डोळ्यांसमोर वरणाचं पातेलं सिंकमध्ये ओतलं. मग भाताचा कुकर. मग पोळ्या, डब्यासकट कचऱ्यात. फोडणीचा वास अजून घरभर होता.

"आधी सांगायचंस ना," एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. तिचा आवाज चढतच नसे. ती ध्यान शिकवायची.

भिलाईत तिचा मोठा बंगला. रोज सकाळी हॉलमध्ये बायका डोळे मिटून बसायच्या. श्वासाकडे बघा, लहानसहान गोष्टी जागेपणी करा, त्यातूनच माणूस घडतो, असं ती सांगायची. मी आत पोळ्या लाटत ऐकायची. तिला मराठी स्वयंपाक करणारी बाई हवी होती. मला काम हवं होतं. नवऱ्याचा स्टील प्लांटमधला ठेका संपला होता, गेटपास बंद. तिने आडनाव विचारलं तेव्हा मी शेजारच्या कुणबी वहिनींचं सांगितलं. रोज आल्या आल्या तिच्या देव्हाऱ्यापुढे हात जोडायची. तिला दिसेल असे.

त्या दिवशी तिने बायकांना पंचशील दिलं. ती एकेक शील पालीत म्हणत होती, बायका गप्प. आमच्या विहारात एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे म्हणायचं, ही लहानपणापासूनची सवय. हातात लाटणं, आणि माझ्या तोंडून आपोआप निघत गेलं. पहिलं. दुसरं. तिसरं. चौथं खोटं न बोलण्याचं. ते म्हणता म्हणता मान वर केली तर मॅडम दारात.

"तुला हे पाठ कसं?"

"आमी बौद्ध आहो, मॅडम."

थाप सुचली असती तर मारली असती. लाज वाटते, पण खरं तेच आहे.

भांडी रिकामी झाल्यावर ती म्हणाली, "माझा राग नाही हं. झाडू-फरशी कर. पगार तोच. फक्त स्वयंपाकघरात यायचं नाही."

मी मान डोलावली. होय, डोलावली. घरात तेल संपलं होतं.

घरी सांगितलं. नवरा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दहा वर्षांची पोरगी चिडली.

"कावून सांगतलं तू? मी तं मैत्रिणींले कधीच नाही सांगत. विहारात जातो अन् मंदिरात गेली होती म्हणतो."

तिला खोटं बोल म्हणून मी कधी सांगितलं नव्हतं. सुट्टीत बंगल्यावर सोबत न्यायची, एवढंच. ती बघत होती.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी मॅडमच्या फाटकातूनच सांगितलं.

"झाडू नाही मारणार. सैपाक येते मले. तोच करीन."

"नीट विचार कर," ती म्हणाली.

केला होता.

आता भिलाईतल्याच जुनवानी भागात दारोदार फिरते. कोणी विचारायच्या आधीच सांगते, बौद्ध आहे, स्वयंपाक करते. दारं लागतात. कालही लागलं. घरात पीठ नाही, रस्त्यातच बसून रडावंसं वाटतं. शाळा सुटली की पोरीला मुद्दाम सोबत घेते. तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं, हात ओढून म्हणते, "आई, चाल ना घरी." मी हलत नाही. आईने आपण कोण ते न लपवता सांगितलं आणि दार लागलं, हे तिने उभं राहून बघावं. उद्याही नेणार आहे.