चा म्हणजे चॅम्फर

माझ्या थोरल्या साडूंइतका माउसचा तिटकारा असलेला माणूस भोसरीपासून चाकणपर्यंतच्या एकाही ड्रॉइंग सेक्शनमध्ये सापडणार नाही. बावीस वर्षांत त्यांनी माउसला हात लावला तो फक्त खंडेनवमीला, हळदकुंकू वाहण्यापुरता. एरवी तो शेपटी गुंडाळून मॉनिटरमागे पडलेला असे. "घरात उंदीर दिसला की आपण काठी घेतो, आन् कंपनीत त्याला कुरवाळत बसायचं व्हय?" असा त्यांचा सवाल. आम्ही एकाच प्रेस टूलच्या कारखान्यात, ते ड्रॉइंगला आणि मी कॉस्टिंगला. दिघीहून एकाच बसने, एकाच बाकावर बसून जायचो. बायकोचं ऐकून मीही त्यांना दाजीच म्हणतो.

त्यांची पद्धत साधी होती. ऑल्ट दाबायचा, मेनूतल्या ज्या अक्षराखाली रेघ असेल ते दाबायचं, उघडलेल्या यादीतलं पुढचं अक्षर दाबायचं, की काम झालं. मी आकड्यांचा माणूस. एकदा घड्याळ लावून बसलो. एक माप टाकायला शेजारच्या इंजिनिअरला माउसने नऊ सेकंद लागले, दाजींना तीन. दिवसाला चारशे मापं धरली तर चाळीस मिनिटं वाचतात. हा हिशोब मी मोठ्या कौतुकाने सांगितला, तर ते जरा नाराजच झाले. "वेळेचं काय घिऊन बसलाय, पाव्हणं? माउस धरला की नजर त्या बाणामागं पळती. बोटं मेनूत गेली की नजर ड्रॉइंगच्या रेघंवरच ऱ्हाती."

नेहमीच्या कामांना मेनूचीही गरज नसे. दोन-तीन अक्षरं दाबली की पुरे. ही अक्षरं ते मराठी शब्दांसारखी जोडून मोठ्याने म्हणत. आरशातल्यासारखी उलटी आकृती काढायची तर एम आणि आय, म्हणजे "मी". कोपऱ्याची धार तिरपी छाटायची, म्हणजे चॅम्फर करायचा, तर सी, एच, ए, म्हणजे "चा". कँटीनमध्ये नांदेडकडचा एक नवा माणूस लागला होता. एके दिवशी दाजी एका प्लेटचे कोपरे छाटत होते आणि हा दारात उभा राहून ऐकत होता. थोड्या वेळाने ट्रे घेऊन आला. "साहेब, आठ आणलेत. अजून सांगायलेत का?" दाजींनी टेबलावरचे कप मोजले, स्क्रीन पाहिली आणि म्हणाले, "आठच कोपरे व्हते. बरोब्बर हाय." त्यातले दोन मी प्यालो.

घरीही तेच. जेवताना भात हवा असला की "ऑल्ट, भ!" अशी हाक. माझी मेव्हणी काही कमी नाही. "तुमच्या कीबोर्डावर एस्केप कुठंय तेवढं दावा मला," म्हणत ती आधी माझ्या ताटात भात वाढायची.

मग आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलं, यापुढे ड्रॉइंग ते वापरतात त्याच सॉफ्टवेअरमध्ये हवीत. नव्या सॉफ्टवेअरमध्ये मेनू नव्हते, रेघ असलेली अक्षरं नव्हती. वर नुसती चित्रांची पट्टी. सेक्शन हेडने दोन महिने दिले. तेवढ्यात ज्याला जमेल तो ड्रॉइंगला राहील, बाकीचे दुसरीकडे. दाजींच्या नोकरीला धक्का नव्हता, पण ती खुर्ची जाणार होती. मग दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. जन्मात एक वर्तुळ न काढलेला मी वहीत तक्ता करू लागलो: डावीकडे त्यांच्या जुन्या अक्षरांच्या खुणा, उजवीकडे त्याच कामांच्या नव्या सॉफ्टवेअरमधल्या. डावीकडे एकशे बारा भरल्या. उजवीकडे सदतीसच सापडल्या. "बाकीच्याला माउसच," मी म्हणालो.

चाचणीच्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून तिथे उभा होतो. सुरुवात बरी झाली. मग पहिला कोपरा आला आणि बोटं आपणहून गेली: सी, एच, ए. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एच म्हणजे समोरची वस्तू लपवणं. अख्खी प्लेट नाहीशी झाली. दाजी पांढऱ्या स्क्रीनकडे बघत बसले. सेक्शन हेड वयाने लहान, पण स्वभावाने चांगला. हळूच म्हणाला, "काका, माउस घ्या की. कोण बघतंय?"

"मी बघतोय न्हवं," दाजी म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहून स्टोअरमध्ये, म्हणजे मालाच्या कोठारात, बदली मागून घेतली.

स्टोअरचा प्रोग्राम जुनाट, काळ्या स्क्रीनचा. सगळा कीबोर्डावरच चालतो. आठवड्यात त्यांचा हात असा बसला की लोक बघायला यायचे. मला वाटलं, चला, सुटले. पण स्टोअरची शिफ्ट वेगळी, बस वेगळी. माझ्या शेजारी आता कोणीही बसतं आणि मोबाइल बघतं. म्हणून दुपारी मी काहीबाही विचारायला मागच्या गेटजवळच्या स्टोअरपर्यंत चालत जातो. परवा गेलो तेव्हा ते एकटेच होते. बोटं पळत होती, तोंड मात्र बंद होतं.

"जोरात चाललंय की, दाजी," मी म्हणालो.

"जोर हाय," ते म्हणाले. "पर हितं अक्षर दाबलं की अक्षरच उमटतंय, पाव्हणं. रेघ न्हाई उमटत."

बारा एमएमच्या बोल्टचा दर मी त्या आठवड्यात तिसऱ्यांदा विचारला, आणि त्यांनी तो पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा सावकाश सांगितला.