चार पेडलांची फळी

आप्पा बोलू लागले की त्यांच्या घरी आज कोणती भाजी शिजते आहे ते बेळगावच्या वडगावातल्या गल्लीच्या दुसऱ्या टोकालाही कळे. आणि तेच आप्पा गिटार वाजवू लागले की शेजारी बसलेल्यालासुद्धा श्वास आवरून ऐकावे लागे. त्यांचे सारे आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेले होते. घरातली सगळीच माणसे ओरडून बोलत, त्यामुळे तिथे भांडण चालले आहे की लाड, हे बाहेरच्याला ओळखता येत नसे. "आमच्यात हळू बोलला त्येला च्या मिळत न्हाय," असे ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते. मी तेव्हाही हळूच बोललो होतो. चहा मात्र मिळाला.

संध्याकाळी माग थांबले की आप्पा मागच्या खोलीत जात आणि इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवत. तरुणपणी त्यांनी ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी वाजवली होती. पुढे त्यांना गाण्यांचाच कंटाळा आला. "गानी वाजवून झाली. आता नुसती हवा वाजवायची," असे ते म्हणत. त्यांच्या पायाशी जुन्या हातमागाची एक रुंद फळी असे आणि तिच्यावर गिटारचा सूर बदलणारी चार पेडल एका ओळीत ठोकलेली असत. या पेडलांची नावे त्यांनी आपल्यापुरती पाडून घेतली होती. पहिला ‘पडदा’: तो पायाने हळूहळू उघडला की तार छेडल्याचा टणत्कार लपे आणि सूर कुठून तरी आपणहून आल्यासारखा वाटे. दुसरा ‘मागनं येणारा’: तो प्रत्येक सूर पुन्हा पुन्हा, फिकट करत म्हणे. तिसरा ‘गाभारा’: त्यात गेलेला सूर दगडी भिंतींमध्ये घुमल्यासारखा घुमे. चौथी जागा पाहुण्याची. फळी लांब करता आली असती, पण आप्पांनी ती कधी केली नाही. नवे पेडल आवडले तर जुने एक काढायचे, हा त्यांचा नियम होता आणि निवडीची सारी गंमत त्यांच्या मते त्या काढण्यातच होती.

शहरातल्या वाद्यांच्या दुकानात ते पेडल पाहायला गेले की दुकानदार हवालदिल होई. इतर गिऱ्हाइके बोटे पळवून दाखवत. आप्पा एकच सूर छेडत, हात वर धरत आणि तो पुरता विझेपर्यंत डोळे मिटून उभे राहत.

"आप्पा, कायतरी वाजवा की! गिऱ्हाईक बघायलंय."

"वाजवलंय की. आता त्ये कुठं जातंय बघू दे."

पसंत पडलेले पेडल ते आधी घरी घेऊन येत आणि आठवडाभर वाजवल्याशिवाय त्याचा सौदा पक्का करत नसत. "पावना पयल्या दिवशी समद्यास्नी ग्वाड लागतो," असे त्यांचे म्हणणे. त्या आठवड्यात मला त्यांच्याकडे जाणे भाग असे. आप्पा फळीवर पाय ठेवत, तो एकच सूर सोडत आणि तो विझला की विचारत, "कसं वाटतंय रं, विलास?"

मी एका हायस्कुलात शिक्षक होतो आणि आमच्या हौशी नाट्यसंघात ध्वनीची बाजू सांभाळत असे. आप्पांना नाटकात मीच आणले. विंगेत स्टुलावर बसून ते प्रसंगांच्या मागे वाजवत. "बघनाऱ्याला माझी गिटार ऐकू आली तर मी चुकलो. त्येला त्या बाईचं घर ऐकू आलं पायजे," असे त्यांनी पहिल्याच तालमीत सांगितले. ते घर आमच्या नव्या नाटकातले होते: एक विधवा आपले विकलेले घर शेवटचे कुलूप लावून सोडते आणि त्या अखेरच्या प्रसंगात शब्दांपेक्षा शांतताच अधिक असते. विधवेचे काम सुनंदा करत असे. ती येळ्ळूरहून स्कूटीवर तालमीला येई. दिवसभर इस्पितळात परिचारिकेची नोकरी करत असल्यामुळे की काय, कुणाला काय बोचेल याचा फारसा विचार न करता ती बोलून टाकत असे.

याच सुमारास आप्पांना आपला सूर मंद वाटू लागला. "गाभाऱ्यात उजेड न्हाय," असे ते वारंवार म्हणत आणि पेडलाचे टोनचे बटण आणखी पुढे फिरवत. चौथ्या जागेवर त्यांनी शिमर नावाचे पेडल आणले. ते प्रत्येक सुराच्या वर त्याच सुराची उंच, चमचमती सावली धरते. आप्पांनी ती सावली इतकी वाढवली की खोलीत स्टीलच्या ताटावर सुरी ओढल्यासारखा आवाज झाला. माझ्या अंगावर काटा आला. आप्पा मात्र डोळे मिटून प्रसन्न उभे होते. तेवढ्यात दाराची चिमण्यांच्या किलबिलाटाची घंटी वाजली. मी उठलो.

"कुठं निघालास?" आप्पांनी विचारले.

घंटी पुन्हा किलबिलली. आप्पा माझ्याकडेच पाहत होते. मागांनी त्यांच्या कानांतले वरचे सूर नेले होते आणि ते नसल्याचे त्यांना ठाऊकच नव्हते. मी दार उघडून परत आलो, तेव्हा त्यांनी विचारले, "कसं वाटतंय रं?"

"छान," मी म्हणालो.

लोक मला मृदुभाषी म्हणत आले आहेत आणि मीही तो माझा गुण समजत आलो. पण कुणाचे मन मोडू नये म्हणून आपण गप्प राहतो, की मोडलेल्या मनासमोर उभे राहण्याचे धैर्य नसते म्हणून, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता.

तालमीत सुनंदाने मला गाठले. "सर, आप्पांचं त्ये किणकिण माझ्या दातात जातंय. माझं वाक्य कुठं ठेवू सांगा."

"मी बघतो."

"तुम्ही काय बघताय? त्यांना सांगा की."

मी सांगितले नाही. मिक्सरवरचा ट्रेबलचा, म्हणजे वरच्या सुरांचा, नॉब खाली आणला, तो बराच खाली, आणि सभागृहात पोहोचणारा आप्पांचा सूर मऊ झाला. विंगेत बसलेल्या आप्पांना यातले काही कळण्याचा मार्ग नव्हता. बेळगावातला प्रयोग रंगला. एका वृद्ध प्रेक्षकाने त्यांचा हात धरून म्हटले, "गिटार कुठं हुती ओ? घरच बोलत हुतं." आप्पा भरून पावले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिमरचा सौदा पक्का केला आणि दुसऱ्या जागेवरचे जुने, ऊबदार डिले, म्हणजे तो ‘मागनं येणारा’, काढून कुणाला तरी देऊन टाकले. त्याच्या जागी अधिक लखलखीत आवाजाचे नवे आले. "बघ, उजेड पडला का न्हाय?" मी हो म्हटले. पुढच्या प्रत्येक प्रयोगात माझा नॉब आणखी थोडा खाली गेला.

मग निपाणीची स्पर्धा आली. तिथे मिक्सर सभागृहाच्याच माणसाने चालवायचा, असा नियम होता. सकाळी ध्वनिचाचणीच्या वेळी आप्पा, मी आणि तो माणूस मिक्सरपाशी उभे होतो. आप्पांच्या गिटारची आधी ध्वनिमुद्रित केलेली एक ओळ त्याने सभागृहात सोडली आणि तोंड वाकडे केले.

"वरचं लई टोचतंय हो. जरा कमी करू का?"

आप्पांनी माझ्याकडे वळून पाहिले. त्या नजरेत शंका नव्हती. दुसऱ्याचे म्हणणे आपल्या माणसाकडून तपासून घ्यावे, इतकेच होते. "विलास, तू सांग. टोचतंय?"

एवढा एक शब्द मला म्हणायचा होता. पण तो म्हटला असता तर आधीचे सगळे ‘छान’ त्याच्यामागून उघडे पडले असते.

"नाही, आप्पा. असंच आहे ते."

"ऐकलंस?" आप्पा त्या माणसाला हसून म्हणाले. "ह्येच्या कानावर माझा इस्वास हाय. हात लावू नगंस."

दुपारी प्रयोग झाला. शेवटच्या प्रसंगात सुनंदाने कुलूप हातात घेतले आणि आप्पांनी पायाने ‘पडदा’ उघडला. सभागृहभर तो आवाज सुरीसारखा पसरला. मागे कुणीतरी हसले. पुढच्या रांगेतल्या एका आईने मांडीवरच्या बाळाचे दोन्ही कान तळव्यांनी झाकले. विंगेतून आप्पांना नेमकी तीच रांग दिसत होती. त्यांनी तारांवर हात ठेवला. पायही उचलला. उरलेला प्रसंग सुनंदाने संगीताशिवाय पार पाडला.

परतीच्या गाडीत ते माझ्या शेजारी बसले. संकेश्वर मागे पडल्यावर त्यांनी विचारले.

"तुला म्हाईत हुतं?"

"हो."

"कधीपास्नं?"

"शिमर आणलं तेव्हापासून."

"मग बेळगावात कसं जमलं?"

मी मिक्सरचे सांगितले. आप्पांनी ते शांतपणे ऐकून घेतले. रागावले असते तर मला बरे वाटले असते.

"म्हंजे त्या म्हाताऱ्यानं हात धरला," ते म्हणाले, "त्यो माझा न्हवं. तुझा हात धराय पायजे हुता त्येनं."

मी त्यांना अपमानापासून वाचवत होतो, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी त्यांच्याकडून त्यांचाच सूर काढून घेतला होता आणि तेही त्यांना खोटी दाद देत देत. त्यांनी त्या फळीवरून जे काढले आणि जे ठेवले, ते सारे माझ्या शब्दावर.

आप्पांनी वाजवणे सोडले नाही. कानांच्या डॉक्टरकडे जाऊन यंत्र आणले. पण ते घातले की गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजते म्हणून वाजवताना ते काढून खिशात ठेवत. नवी पेडल आणली की सुनंदाला समोर बसवत.

"आप्पा, चिरतंय!"

"किती?"

"लई! कान हायत का काय हायत?"

"न्हाईतच की, म्हणून तर तुला बसवलंय," असे म्हणून ते खदखदून हसत आणि बटण मागे घेत. काही महिन्यांत शिमर गेले आणि मंद, धूसर आवाजाचे एक डिले पुन्हा फळीवर आले. हे सारे मी तालमीच्या खोलीत भिंतीशी बसून पाहत असे. माझ्याशी त्यांचे वागणे तसेच मायेचे राहिले. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी स्वतःच्या मागावर विणलेली साडी आणली, पंगतीत आग्रह करून मला वाढले. फक्त ‘कसं वाटतंय रं’ हा प्रश्न त्यांनी मला पुन्हा कधी विचारला नाही. तो न विचारण्यात कसलाही टोमणा नव्हता. विहीर आटली की माणूस तिकडे घागर घेऊन जात नाही, तितके ते सहज होते.

पुढे माग विकून आप्पा मुलाकडे बेंगळुरूला गेले. तिथून ते आपले वाजवणे ध्वनिमुद्रित करून सुनंदाच्या फोनवर पाठवतात. परवा तालमीच्या मधल्या चहाच्या वेळी तिने नवे मुद्रण मला ऐकवले. फार सुंदर होते. सूर येत होते आणि जात होते, तार छेडणारा हात कुठेच जाणवत नव्हता. फक्त अगदी शेवटी, विझता विझता, एक बारीक टोक निघत होते.

"शेवटी वर थोडं टोचतंय," मी म्हणालो.

"मला न्हाय तसं वाटलं. कळवू का त्यांना?" सुनंदाने विचारले. "नाव न घालता?"

"नाव घालून कळव," मी म्हणालो.

तिने माझ्या नावासकट लिहून पाठवले. थोड्या वेळाने आप्पांचा आवाजी निरोप आला. माझ्याबद्दल त्यात वाईट असे काहीच नव्हते. "बरं बरं, ऐकतो म्हणावं त्येला," एवढे म्हणून त्यांनी पुढे विचारले, "खरं तू सवता ऐकलंस का, पोरी? तुला काय वाटतंय त्ये सांग."

सुनंदाने माझ्याकडे पाहिले नाही. चहाचा कप खाली ठेवून तिने फोन पुन्हा कानाला लावला आणि डोळे मिटले. ते टोक तिच्याही कानाला जाणवते की नाही, याची वाट पाहत मी उभा राहिलो.