दोघांचा खिळा

ज्ञानोबा शेलारने एकट्याने खिळा क्वचितच मारला असेल. फळी त्याची बायको रत्नप्रभा धरायची, खिळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बोट टेकवून. फळी नीट बसली की तिच्या तोंडून ‘हं’ निघायचा आणि मगच याचा हातोडा खाली यायचा. लष्करात सुतार म्हणून कोरेगावहून निघालेला हा माणूस शेवटच्या बदलीला जयपूरला आला, निवृत्तीनंतर तिथल्याच दुर्गापुऱ्यात राहिला आणि मिळेल ते लाकूडकाम करू लागला. हाताखाली माणूस ठेवा, असं लोकांनी सांगून पाहिलं. पण परक्याच्या ‘हं’वर त्याचा हात उचलायचा नाही. आणि घरात बसून राहणं रत्नप्रभालाही कधी मानवलं नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला घोटाळा झाला. ‘हं’ आला, हातोडा उतरला आणि खिळ्याऐवजी तिच्या अंगठ्यावर बसला. नख काळंनिळं पडलं.

“खिळा वाकडा हुता,” तो म्हणाला.

“व्हय, वाकडाच हुता,” ती म्हणाली आणि विषय मिटला.

मिटला कसला! खिळा चांगला सरळ होता. आपला उजवा हात थरथरतो, हे ज्ञानोबाला पावसाळ्यापासून माहीत होतं. चहाचा कप तो हल्ली डाव्या हाताने उचलायचा आणि कोणी पाहतंय असं वाटलं की पेपरात तोंड खुपसायचा. बायकोला यातलं काही कळत नाही, अशी त्याची समजूत होती. नवऱ्यांची असतेच.

अशात शहराबाहेर बस्सीजवळच्या एका फार्महाऊसचं काम आलं. बाहेर चारी बाजूंनी लाकडी कुंपण, आत दारं-खिडक्यांच्या चौकटींना बारीक शोभेच्या पट्ट्या. एवढं मोठं काम आलं म्हणून आनंद व्हायचा, तर तो फळ्याच मोजत बसला. इतक्या फळ्या रत्नप्रभा धरणार, आणि हातोडा या हातात! भीती वाटत होती ती याचीच. हात गेला तर आपला गेला, तिचा जायला नको. विचार करकरून त्याला एकच उपाय सुचला, खिळे मारायची बंदूक. हातोडा उगारायलाच नको.

“काम झपाट्यानं उरकायचं तर मशीनच पायजे,” असं त्याने घरी ठोकून दिलं.

“जन्मभर बंदूकवाल्यांची कपाटं केली, आता ह्या वयात बंदूक धरनार व्हय?” असं म्हणून रत्नप्रभाने चपला घातल्या. बंदूक आणायला ती बरोबर नको, हे सांगायची त्याची छाती झाली नाही.

सीतापुऱ्यातल्या अवजारांच्या दुकानात मालक परेशजींनी दोन बंदुका काढून ठेवल्या. “अंकलजी, एक से दोनों काम नहीं होंगे,” ते म्हणाले. छोटीचे खिळे सुईसारखे बारीक. पट्टीत शिरले की दिसतही नाहीत आणि लाकूड तडकत नाही; पण कुंपणाची फळी त्यावर टिकायची नाही. मोठीचे खिळे जाड, न गंजणारे. पट्टीत घुसवले तर तिच्या चिरफळ्या. शिवाय मोठी हवेच्या दाबावरची नव्हे, बॅटरीवरची, कारण शेतात हवेची नळी कुठवर ओढत नेणार? म्हणजे ती वजनाने जड. ज्ञानोबाने ती उचलली आणि मनगट लटपटलं. त्याने पटकन दुसऱ्या हाताचा आधार दिला.

मोठी चालवायच्या दोन तऱ्हा होत्या. एकीत तोंड लाकडाला टेकवायचं आणि दर खिळ्याला नव्याने घोडा दाबायचा. दुसरीत घोडा दाबूनच ठेवायचा. तोंड टेकेल तिथे खिळा. काम दुसरीने भराभर होतं. हात थरथरणाऱ्या माणसाने कुठली घ्यावी हे लहान मुलालाही कळेल. पण तसं म्हणणं म्हणजे सगळं कबूल करणं. “जल्दीवाला,” ज्ञानोबा रुबाबात म्हणाला.

परेशजींनी खटका फिरवून दिला. भिंतीशी तपासणीसाठी एक चौकट उभी होती. रत्नप्रभाने काही न विचारता फळी चौकटीवर धरली, दोन बोटं नेहमीच्या जागी टेकवली आणि म्हणाली, “हं.”

“आंटीजी, हाथ!” परेशजी ओरडले, पण त्या ‘हं’वर ज्ञानोबाचा हात कधी थांबला होता? धाड! खिळा गेला. बंदूक उसळली, थरथरत्या हाताने पुन्हा टेकली. धाड! दुसरा खिळा रत्नप्रभाच्या बोटाला चाटून फळीत रुतला.

ज्ञानोबाने बंदूक खाली ठेवली आणि तिचा हात धरून पाहिला. बोट शाबूत होतं, नुसतं खरचटलं होतं. त्याचा मात्र अख्खा दंड कापत होता आणि आता लपवायला पेपरही नव्हता.

“मला ठावं हाय,” रत्नप्रभा हळूच म्हणाली. “पावसाळ्यापास्नं ठावं हाय.”

“मग फळी कशाला धरत ऱ्हायलीस? अंगठा फुटला तरी?”

“हात काढून घेतला असता तर तुमाला कळलं असतं, मला कळलंय म्हनून.”

 ज्ञानोबाला रडू आलं, आणि परक्या दुकानात रडायची लाज वाटायचंही भान राहिलं नाही. “छोटीच घेऊ,” तो कसाबसा म्हणाला. “कुंपनाच्या कामाला न्हाई म्हनून सांगतो.”

“कशापायी?” रत्नप्रभाने परेशजींकडून खटका पहिल्या तऱ्हेवर फिरवून घेतला आणि मोठी बंदूक दोन्ही हातांनी पेलली. गहू दळून आणणारे तिचे दंड, ते हलले नाहीत. “तुमी फळी धरा. बोटं लांब ठिवा.”

त्याने फळी धरली. हात थरथरत होता, पण लाकडाला दाबून ठेवता येत होता. बंदुकीचं तोंड टेकलं आणि रत्नप्रभा थांबली. ती त्याच्या ‘हं’ची वाट पाहत होती. त्याला तो म्हणवेना. बोटं चांगली वीतभर लांब असूनही त्याने ती आणखी मागे घेतली. ही बाई इतकी वर्षं खिळ्याला बोटं लावून उभी राहिली, आणि पावसाळ्यापासून तर सगळं माहीत असून.

“हं,” तो शेवटी म्हणाला आणि त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. तिने इतक्या वर्षांत एकदाही मिटले नव्हते.