शुक्रवारच्या चहाला मी नव्हतो

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. असणार कसा? जळगाव तालुक्यातली निम्मी भुतं मीच तयार केलेली आहेत. पिंप्राळ्याच्या चिंचेवरची हडळ माझी, रेल्वे फाटकावरचा बिनमुंडक्याचा गँगमनही माझाच... तेव्हा पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा, की यात थाप नाही. हे वाक्य मी आयुष्यभर थापेच्या आधीच वापरत आलो, हीच तर अडचण आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जळगावातल्या एका खाजगी हॉस्पिटलात ब्रदर होतो, म्हणजे पुरुष नर्स. आमच्या मेट्रन मूळच्या धुळ्याच्या, सगळे त्यांना अक्का म्हणायचे. त्यांनी एक शिस्त लावली होती. दुपारी ड्युटी बदलताना जाणारे-येणारे सगळे चहाला एकत्र थांबणार, आणि ज्याच्या हातून काही चुकलं असेल किंवा ज्याला काही नवं कळलं असेल त्याने ते सगळ्यांना सांगायचं. डॉक्टरपासून आयापर्यंत. पुस्तकात नसलेलं कितीतरी त्या चहावर एकमेकांकडे जायचं.

रिटायर होताना अक्कांनी तो चहा माझ्यावर सोपवला. म्हणाल्या, "तुझा आवाज भोंग्यासारखा शे. पोरी तुझं ऐकतात. नवीन पोरी आल्या की दोरीचं पहिलं सांगायचं."

दोरीचं म्हणजे साप चावल्यावर. आमच्याकडे केळीच्या बागेत, कपाशीत साप चावला की घरचे पाय सुतळीने असा आवळतात की पाय काळानिळा पडतो. नवीन नर्सला दया येते, ती आधी दोरी कापते... आणि अडून बसलेलं विष एकदम अंगभर जातं. म्हणून आधी सलाईन, विषावरचं इंजेक्शन चालू, आणि मग डॉक्टरांसमोर दोरी हळूहळू सैल. अक्कांच्या डोळ्यांदेखत एक तरुण माणूस असा गेला होता, तेव्हापासून त्या हे प्रत्येक नव्या पोरीला सांगत.

मी काय केलं? चहाचा तमाशा केला. रावेरच्या ट्रकवाल्याच्या पोटातून अख्खा केळीचा घड कसा निघाला, हे मी तीन भागांत सांगितलं. सुनंदा आणि आणखी दोघी नव्या आल्या होत्या, हसून हसून त्यांच्या कपातला चहा सांडायचा. दोरीचं राहूनच गेलं. उद्या सांगू, परवा सांगू...

अशात मावसभावाच्या लग्नाला धुळ्याला गेलो. शुक्रवार होता. दुपारची पंगत बसलेली, मी वाढायला. हातात घोटलेल्या वांग्याच्या भाजीची बादली. आणि पंगतीत अक्का.

"काय रे प्रकाश," बट्टी कुस्करता कुस्करता त्यांनी विचारलं, "पोरीसले दोरीनं सांगं का?" म्हणजे पोरींना दोरीचं सांगितलं का.

"हो अक्का, बठ्ठं, सगळं सांगितलं," मी म्हणालो. चेहऱ्यावरची माशीसुद्धा न हलू देता. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग वरण मागितलं. मी भाजीच वाढली आणि पुढे सरकलो.

रविवारी ड्युटीवर गेलो तर वॉचमनने दारातच मिठी मारली. वॉर्डात सुनंदा डोळे पुसत आली.

"भाऊ, तुम्ही होता म्हणून वाचलं."

शनिवारी असोद्याची एक सून ट्रॅक्टरमधून आणली होती. बागेत नाग चावला, सासूने पाय सुतळीने आवळलेला. सुनंदाच्या हातात कात्री. सासू ओरडत होती, "पाय गेला ना वं माय, सोड ती दोरी." आणि सुनंदाने कात्री खाली ठेवली, आधी सलाईन लावलं.

"तुला कुणी सांगितलं आधी सलाईन?" मी विचारलं.

"असं काय भाऊ? परवा शुक्रवारी चहाला तुम्हीच नाही का सांगितलं? दारात उभ्याउभ्या. चहा दिला तर घेतला पण नाही."

मी चहा घेतला नाही? तो मी नव्हतोच, याला आणखी काय पुरावा हवा. मी म्हणालो, "अगं, शुक्रवारी मी धुळ्याला होतो. बादली होती माझ्या हातात, अख्खी पंगत साक्षीला आहे."

सगळे हसायला लागले. आमची म्हातारी आया म्हणाली, "ऱ्हाऊ दे भो. बाई वाचली, आता तरी फेकू नको."

डॉक्टर, आया, तिघी नर्स, सगळ्यांनी मला पाहिलं होतं. माझाच आवाज, माझाच शर्ट. आणि दुपारच्या ज्या वेळेला मी अक्कांना "हो" म्हणालो, तीच ही चहाची वेळ.

त्या दिवशी चहाला मी उभा राहिलो आणि दोरीचं सांगितलं. पहिल्यांदाच. तिखट-मीठ न लावता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सुनंदाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शुक्रवारी जास्त बरं सांगितलं होतं, भाऊ."

"जास्त बरं म्हणजे?"

"तेव्हा तुमचा आवाज कापत होता. माझ्याकडेच बघून सांगत होता. मला वाटलं, कुणी बाई तुमच्या डोळ्यांसमोरच गेलीय... आणि कात्री जणू माझ्याच हातात होती."

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

नंतर अक्कांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "तू खोटं बोलतोयस हे मला तेव्हाच कळलं होतं," एवढंच म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. असोद्याची ती सून आता नातवंडं खेळवते. दरवर्षी तिच्या घरून केळीचा एक घड येतो, "ज्या भाऊंनी सांगितलं त्यांना." तो भाऊ मी नव्हे, असं मी दरवर्षी सांगतो, ते हसतात, आणि घड ओट्यावर ठेवून जातात. मी तो शेजारीपाजारी वाटतो. ज्याचा आहे त्याला कसा पोचवायचा, ते मला माहीत नाही.